एकास तीनशे वीस

यकृतात एखादा विषाणू वर्षानुवर्षे मुक्काम करून राहिला आणि त्या माणसाच्या रक्तात स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे सापडू लागली, तर त्या प्रतिपिंडांना स्वतंत्र आजार मानायचे, की विषाणूच्या मुक्कामाची खूण? आणि विषाणू गेला, तर ती जातात का? हा प्रश्न मी कोणत्याही पाठ्यपुस्तकातून उचललेला नाही. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यावर तो आमच्या घरात आला आणि त्याच्या उत्तरावर माझ्या थोरल्या जाऊबाईंचे औषध अवलंबून होते. उत्तर एका बाजूने आले असते तर शरीराची प्रतिकारशक्ती दडपणारे औषध द्यावे लागले असते. दुसऱ्या बाजूने आले असते तर ती चेतवणारे. दोन्ही औषधे एकमेकांच्या विरुद्ध टोकांची होती आणि चुकीचे दिले गेले तर यकृताची हानी वाढण्याची भीती होती.

आम्ही दोघी भिवंडीतल्या एकाच शाळेत शिकवत होतो. ताई गणित शिकवीत, मी विज्ञान. (जाऊबाईंना मी पहिल्या दिवसापासून ताईच म्हणते, त्या मला ‘धाकटी’ म्हणतात.) कामतघरच्या बाजूला एकाच इमारतीत त्यांचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर आणि आमचे पहिल्यावर. मागच्या बाजूला यंत्रमागांचे गाळे होते. बाहेरून आलेले पाहुणे त्या खडखडाटाने हैराण होत. आम्हाला मात्र वीज गेल्यावर अचानक पसरणाऱ्या शांततेनेच दचकायला होई.

ताईंची तक्रार सकाळची होती. उठल्यावर बोटांचे सांधे आखडलेले असत. डब्याचे झाकण उघडेना, खडू नीट धरता येईना. पहिल्या तासाला फळ्यावरचे त्यांचे वर्तुळ, जे हाताने काढूनही कंपासाने काढल्यासारखे येई, ते वाकडे येऊ लागले आणि दहावीच्या मुलींनी ते माझ्या कानावर घातले. मग मी त्यांना हट्टाने आमच्या डॉक्टरांकडे नेले.

हे डॉक्टर ताईंचे जुने विद्यार्थी. दवाखाना बाजारपेठेजवळ, बाकांवर सगळ्या भाषांचे लोक. “चाचा, आप दो मिनट बैठो,” असे बाहेर सांगून ते ताईंसमोर आले की उभेच राहत. ताईंनी ‘बस’ म्हटल्यावरच स्वतःच्या खुर्चीत बसत. त्यांनी बोटे दाबून पाहिली, रक्ताच्या काही चाचण्या लिहून दिल्या आणि म्हणाले, “बाई, हा संधिवाताचा प्रकार वाटतोय. पण औषध सुरू करायच्या आधी यकृतही बघून घेऊ.”

ही त्यांची सावधगिरी फार मोलाची ठरली. अहवाल आले तेव्हा संधिवातात सापडणारा घटक रक्तात होता. पेशीच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे, ज्यांना डॉक्टर ‘ए.एन.ए.’ म्हणतात, तीही होती. त्यांच्यापुढे ‘१:८०’ असे छापलेले होते. इथपर्यंत सगळे एका दिशेने जात होते. परंतु यकृताची एन्झाइमे वाढलेली निघाली, म्हणून डॉक्टरांनी आणखी एक चाचणी करवली आणि हिपॅटायटिस सी हा विषाणू हाती लागला.

तो कुठून आला, याचा अंदाज ताईंनीच बांधला. त्यांच्या धाकट्या मुलीच्या जन्माच्या वेळी रक्तस्राव फार झाला होता आणि बाटलीने रक्त द्यावे लागले होते. त्या काळी या विषाणूला नावही मिळालेले नव्हते, मग रक्तपेढीत तो तपासणार कोण? मुलगी आता इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरी करत होती. तिच्या वयाएवढा काळ तो विषाणू ताईंच्या यकृतात काहीही न बोलता राहिला होता.

स्वप्रतिपिंडे म्हणजे काय, हे वाचकांना थोडक्यात सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. परका जंतू शरीरात शिरला की रक्त त्याला ओळखणारी प्रतिपिंडे तयार करते. आपल्या पेशी आणि परके जंतू यांतला फरक शरीराला साधारणपणे कळतो. कधीकधी मात्र प्रतिपिंडे आपल्याच पेशींना लागू होतात, ती स्वप्रतिपिंडे. मी ताईंना हे वर्गाच्या भाषेत सांगितले होते. वर्गात बाहेरचा एक दांडगा मुलगा येऊन बसला आहे आणि रोज गोंगाट करतो आहे. मॉनिटर फळ्यावर त्याचे नाव लिहितो. तो जात नाही. मॉनिटर वैतागतो आणि शेजारी बसलेल्या निरपराध मुलांचीही नावे लिहू लागतो.

“मग दोष मॉनिटरचा की त्या मुलाचा?” ताईंनी विचारले.

“तेच शोधायचं आहे. मॉनिटरच बिघडला असेल तर त्याला गप्प बसवायला हवं. दांडग्या मुलामुळे तो असं करत असेल, तर मुलाला बाहेर काढायला हवं.”

“आणि मॉनिटरला गप्प बसवलं, पण मुलगा आतच राहिला तर?”

“तर तो मोकाट सुटेल.”

ताईंनी मान हलवली. त्यांच्या त्या प्रश्नापेक्षा नेमके विधान मला पुढे कोणत्याही तज्ज्ञाच्या तोंडून ऐकायला मिळाले नाही. मॉनिटरला गप्प बसवणारे औषध म्हणजे स्टेरॉइड. मुलाला बाहेर काढण्यासाठी तेव्हा उपलब्ध असलेले औषध म्हणजे इंटरफेरॉनचे इंजेक्शन आणि त्यासोबतच्या गोळ्या. पण इंटरफेरॉन मॉनिटरलाच अधिक आवाज चढवायला लावते. बिघाड मुळात त्याचाच असेल, तर यकृतावर तोच तुटून पडायचा.

आमच्या डॉक्टरांनी ठाण्यातल्या एका यकृततज्ज्ञांचे नाव सुचवले. ताईंनी पूर्वपरीक्षेचे कारण सांगून ते पुढे ढकलले. “मुलांची सराव-परीक्षा होऊ दे. इतकी वर्षं गप्प बसलाय तो, अजून तीन महिने बसेल.” डॉक्टरांचे त्यांच्यापुढे चालेना. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचे, एवढेच त्यांनी कबूल करवून घेतले.

या तीन महिन्यांत आमच्या शेजारच्या मावशींनी उपचार आपल्या हाती घेतले. मावशी माहेरच्या खारबावच्या. सासरची खाडीकाठची शेती होती, त्या जमिनीवर आता गाळे उभे होते आणि मावशींच्या दारात जीप. पण सकाळी टोपलीवाल्या कोळणीशी घासाघीस करायला त्या स्वतःच उतरत. जिन्यात उभ्या राहून त्यांनी ताईंना हाक मारली.

“काय गो मास्तरीन, बोटां वाकत न्हाय बोलतान?”

“थोडी आखडतात, मावशी.”

“मंग अकलोलीला चल ना. गरम पान्याच्या कुंडान बस. माझ्या सासूचा गुडघा तिथंच बरा झाला हाय.”

“माझं दुखणं रक्तातलं आहे म्हणतात.”

“रगात काय पान्याच्या भायेर राहतंय? तू बसशील तं रगात पन बसंल ना तुझ्यासोबत!”

मग रविवारी आम्ही मावशींच्या जीपमधून अंबाडीवरून अकलोलीला जाऊ लागलो. अंबाडी नाक्यावर मावशी काकड्या घेत आणि विकणाऱ्या बाईला दर वेळी त्याच शब्दांत ‘लुटारू’ म्हणत. ती बाईही तितक्याच प्रेमाने हसे. कुंडाचे पाणी अंगाला चटका देणारे, गंधकाच्या वासाचे. ताई पदर खोचून काठावर बसत आणि हात मनगटापर्यंत पाण्यात ठेवत. खरे सांगायचे तर त्यांना बरे वाटे. ऊब दिल्यावर आखडलेला सांधा सैल होतो, त्यात चमत्कार काही नाही. पण बरे वाटणे हे बरे वाटणेच असते.

मग दुसरा अहवाल आला. आमची नेहमीची प्रयोगशाळा वीजकपातीमुळे त्या दिवशी बंद होती, म्हणून ताईंनी कल्याण नाक्याजवळच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत रक्त दिले. संध्याकाळी अहवाल घेऊन त्या थेट माझ्या स्वयंपाकघरात आल्या. चेहरा असा, की एखाद्या काठावरच्या विद्यार्थ्याला विशेष श्रेणी मिळाली असावी.

“धाकटे, बघ. आधी एकास ऐंशी होतं. आता एकास तीनशे वीस.”

मी कणीक मळत होते. “म्हणजे?”

“म्हणजे काय? एक भागिले ऐंशी. एक भागिले तीनशे वीस. छेद चौपट झाला, संख्या एक चतुर्थांशावर आली. पंच्याहत्तर टक्के घट!”

माझे थोरले दीर मागे उभे होते. ते नगरपालिकेतून निवृत्त झालेले कारकून. त्यांनीही कागदावर भागाकार करून पाहिला आणि तो बरोबर आला. शिरा झाला. मावशींना बोलावणे गेले. त्यांनी गुणोत्तर ऐकून घेतले, त्यातले ‘कमी झाले’ एवढे उचलले आणि म्हणाल्या, “मी सांगत व्हती ना! अकलोलीचा पानी हाय तो, उगाच न्हाय.” त्या आनंदात ताईंनी ठाण्याची भेट रद्द करायचा निर्णय जाहीर केला. आजार आपोआप ओसरत असेल, तर उगाच सुया कशाला टोचून घ्यायच्या?

आमच्या घरासारख्या घरातच हा हिशेब होऊ शकतो, असे मला अजून वाटते. दुसऱ्या कोणाच्या घरी लोक तो आकडा पाहून डॉक्टरकडे गेले असते. आमच्याकडे तिघांपैकी प्रत्येकाला अपूर्णांक येत होते.

मला शंका आली ती एका बारीक ओळीमुळे. अहवालाच्या तळाशी छापलेले होते की नमुना एकास चाळीस या विरलनापासून तपासला आहे. विरलन! म्हणजे हा आकडा रक्तात काय आहे, त्याचा नव्हताच. तो रक्तात मिसळलेल्या पाण्याचा होता. पण ताईंना तोंडी सांगून उपयोग नव्हता. त्यांनी आयुष्यभर मुलांकडून सिद्धता मागितली होती; मी त्यांच्याकडे विधान घेऊन गेले असते तर त्यांनी मला बाकावर उभे केले असते.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांना प्रयोगशाळेत बोलावले. दोन स्टँडमध्ये परीक्षानळ्यांच्या दोन रांगा मांडल्या. पोटॅशियम परमँगनेटची दोन द्रावणे केली: एक फिकट गुलाबी, दुसरे जांभळे, गडद. प्रत्येकातले थोडे घेऊन पहिल्या नळीत तितकेच पाणी मिसळले. त्यातले निम्मे पुढच्या नळीत, पुन्हा तितकेच पाणी. असे पुढे पुढे. नळ्यांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या: एकास दोन, एकास चार, एकास आठ, सोळा, बत्तीस आणि तसेच दुप्पट करत पुढे. ताई हाताची घडी घालून, वर्गतपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारख्या बघत होत्या.

“आता फिकट रांगेत शेवटचा रंग कोणत्या नळीत दिसतो ते सांगा.”

त्यांनी मागे पांढरा कागद धरला. “एकास बत्तीस. पुढची पाण्यासारखीच आहे.”

“आणि गडद रांगेत?”

त्या एकेक नळी पाहत गेल्या. एकास चौसष्ट. एकास एकशे अठ्ठावीस. रंग अजून होता. एकास पाचशे बारापर्यंत त्या पोचल्या आणि थांबल्या. खिडकीबाहेर मैदानावर मुले कबड्डी खेळत होती. त्यांचा दम धरलेला आवाज आत येत होता.

“अगं,” त्या सावकाश म्हणाल्या, “हे गुणोत्तर द्रव्य किती आहे ते सांगतच नाही. किती पाणी ओतल्यावरही ते दिसत राहिलं, ते सांगतं.”

“हो.”

“म्हणजे छेद जितका मोठा, तितकं मुळात जास्त.”

“हो, ताई.”

“म्हणजे माझं चौपट कमी नाही. चौपट वाढलं.”

त्यांनी शेवटची नळी उचलून उजेडासमोर धरली, परत ठेवली आणि एकाएकी हसू लागल्या. “आणि आमच्या गृहस्थांनी शिरा खाल्ला! दोनदा वाढून घेतला!” मग हसू ओसरले आणि त्या म्हणाल्या, “ठाण्याची वेळ पुन्हा घे.”

आमच्या डॉक्टरांना हे कळले तेव्हा ते कळवळून म्हणाले, “बाई, मला आधी दाखवायचं ना.”

“तुला भागाकार कधी आला होता, म्हणून तुला दाखवू?” ताई म्हणाल्या. ते खाली मान घालून हसले. पण तो अहवाल वाचताना त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. आकडा वाढलेला असेल, तर यकृतावर शरीराचाच हल्ला चालू असण्याची शक्यता वाढत होती आणि मग पारडे स्टेरॉइडच्या बाजूला झुकत होते.

कशेळीच्या पुलावर ट्रकच्या रांगेत अडकत आम्ही ठाण्याला पोचलो. यकृततज्ज्ञ मध्यमवयीन बाई होत्या, बोलणे मोजके. त्यांनी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले, “दोन वेगळ्या प्रयोगशाळा का?”

“पहिलीत वीज नव्हती,” ताई म्हणाल्या.

“मग हे आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे नाहीत. काचपट्टीवर पेशी असतात. त्यावर तुमच्या रक्तातला विरल केलेला पाण्यासारखा भाग घालतात, मग चमकणारा रंग. शेवटी कोणीतरी सूक्ष्मदर्शकातून बघून ठरवतं, चमकतंय की नाही. एकाला चमकलेलं दुसऱ्याला चमकलेलं वाटेलच असं नाही. माझ्या प्रयोगशाळेत पुन्हा देऊ.”

तिथे मला एक कुतूहल आवरेना. शाळेत कोणताही प्रयोग करताना आम्ही शेजारी एक साधी नळी ठेवतो, जिच्यात काही घातलेले नसते. ती नसेल तर निष्कर्ष काढायचा नाही, असे मुलांना बजावतो. ताईंच्या रक्ताच्या शेजारी अशी साधी नळी कुठे होती? मी बाही वर केली आणि म्हणाले, “माझंही तपासा.”

“तुम्हाला काही त्रास आहे?” तज्ज्ञ बाईंनी विचारले.

“काही नाही. म्हणूनच.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. “शाळेत आहात?”

“विज्ञान.”

“वाटलंच,” त्या म्हणाल्या आणि अर्जावर माझे नाव लिहिले.

पुढच्या आठवड्यात निकाल आले. ताईंचा आकडा एकास एकशे साठ. आणि माझ्या नावापुढेही छापलेले होते: आढळले, एकास चाळीस. माझी बोटे ठणठणीत होती, यकृत ठणठणीत होते, विषाणू नव्हता. तरी माझ्या रक्तात माझ्याच पेशींच्या केंद्रकांना चिकटणारी थोडीशी प्रतिपिंडे फिरत होती. भीती वाटली नाही, आश्चर्य वाटले. आपल्या शरीरात आपल्याविरुद्ध हलकीशी कुजबुज चालू असते आणि तरीही आपण पोळ्या लाटतो, पेपर तपासतो, जिने चढतो.

“काही निरोगी माणसांत असं सापडतं,” तज्ज्ञ बाई म्हणाल्या. “आणि हिपॅटायटिस सी जुना झालेल्यांत तर बरंच सापडतं. त्या संधिवाताच्या घटकाचंही तेच. सांध्याच्या आजारासाठी अधिक नेमकी अशी एक नवी चाचणी आली आहे, तीही मी केली; तिच्यात तुमच्याकडे काही आढळलं नाही. म्हणजे बोटांचं दुखणंही बहुधा विषाणूच्याच खात्यातलं.”

“बहुधा,” ताईंनी तो शब्द उचलला. “बहुधावर औषध द्यायचं?”

“नाही. म्हणून यकृताचा तुकडा बघायचा.”

हेच खरे वळण होते. रक्तातली प्रतिपिंडे फक्त संशय निर्माण करू शकतात. हल्ला नेमका कोणाचा, ते यकृताच्या पेशींमध्येच पाहावे लागते. बरगड्यांमधून सुई घालून दोऱ्याएवढा तुकडा काढायचा होता. ताईंना त्या सुईची भीती वाटली आणि त्यांनी ती लपवली नाही. आदल्या संध्याकाळी मावशी पेजेचे पातेले घेऊन आल्या आणि बराच वेळ ताईंचा हात धरून बसल्या. निघताना फक्त म्हणाल्या, “घाबरू नको गो. मी हाय.”

ताई, दीर आणि मी तुकड्याचा निकाल घेऊन बसलो तेव्हा तज्ज्ञ बाईंनी तो आम्हाला वाचून दाखवला आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगितला. शरीराच्याच हल्ल्यात विशिष्ट प्रकारच्या पेशींची जी गर्दी दिसते, ती इथे नव्हती. विषाणूच्या जुन्या मुक्कामात जे पुंजके दिसतात, ते होते. व्रणाचे धागे होते, पण यकृत आतून बदलून गेलेले नव्हते.

“म्हणजे मॉनिटर शाबूत आहे,” ताई म्हणाल्या.

तज्ज्ञ बाईंना ते कळले नाही. मी सांगितले. त्या पहिल्यांदाच मोकळेपणाने हसल्या. “आहे. पण आपण त्याला आता जास्त ओरडायला लावणार आहोत, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवू. थायरॉइड, यकृत, रक्त, सगळं ठरावीक काळाने बघू. एन्झाइमे एकदम उसळली तर औषध थांबवू. कबूल?”

ताईंनी माझ्याकडे पाहिले नाही, दिरांकडेही पाहिले नाही. “कबूल,” त्या म्हणाल्या.

इंटरफेरॉनची ती सहामाही सोपी नव्हती. आठवड्यातून एकदा इंजेक्शन. ते घेतले की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप. केस विरळ झाले. गोळ्यांनी रक्त कमी झाले आणि दोन जिने चढताना धाप लागू लागली. सर्वांत अवघड होते ते त्यांचे उदास होणे. गणिताच्या तासाला कधी मध्येच थांबत आणि पुढची पायरी आठवत नसल्यासारख्या उभ्या राहत. मुलींना मी सांगून ठेवले होते: बाई थांबल्या तर कोणी खाकरायचे नाही. कोणी खाकरले नाही. इंजेक्शन मी शुक्रवारी संध्याकाळी देत असे, म्हणजे ताप शनिवार-रविवारात निघून जाई. सुई टोचताना त्या दर वेळी विचारत, “आणि मॉनिटर?” यकृताचा ताजा आकडा मी सांगे. तो उतरत होता. प्रत्येक वेळी आम्हा दोघींना उसळी येईल अशी धास्ती असे, आणि प्रत्येक वेळी तो थोडा उतरलेला असे. थायरॉइडचा आकडा मधे एकदा हलला, पुन्हा जागेवर आला.

औषध संपले. विषाणू सापडला नाही. परंतु तज्ज्ञ बाईंनी आनंद करू दिला नाही. औषध बंद झाल्यावर सहा महिन्यांनीही सापडला नाही, तरच गेला म्हणायचे. ते सहा महिनेही गेले. शेवटच्या तपासणीला मी पुन्हा माझे रक्त शेजारी दिले. प्रयोगशाळेतल्या बाईंनी यावेळी कारण विचारले नाही.

विषाणू नव्हता. संधिवाताचा घटक सापडला नाही. ताईंची बोटे त्याआधीच मोकळी झाली होती. स्वप्रतिपिंडांचा आकडा मात्र शून्य झाला नव्हता: एकास ऐंशी. माझ्यात या वेळी काहीच आढळले नाही. ताईंनी दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि या वेळी भागाकार केला नाही.

“हे उरलंय त्याचं काय करायचं?” त्यांनी विचारले.

“काही नाही,” तज्ज्ञ बाई म्हणाल्या. “अधूनमधून यकृत दाखवायला या.”

“म्हणजे असू द्यायचं?”

“असू द्यायचं.”

परतताना पुलावर आम्ही पुन्हा ट्रकच्या मागे अडकलो. ताई खिडकीतून खाडीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “धाकटे, उत्तर पूर्ण नाही आलं गं.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. ज्या उदाहरणाला शेष उरतो, ते चुकलेले नसते, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक माहीत होते.

तर माझ्या प्रश्नाचे मला मिळालेले उत्तर असे: आमच्या घरातल्या रुग्णाच्या बाबतीत ती प्रतिपिंडे स्वतंत्र आजार नव्हती; विषाणूच्या मुक्कामाची ती खूण होती, आणि विषाणू गेल्यावर ती निम्म्यावर आल्यासारखी दिसली, पण पुरती गेली नाहीत. निम्म्यावर ‘आली’ असेही मी ठामपणे म्हणत नाही, कारण पाहणाऱ्याच्या डोळ्याने तेवढा फरक पडू शकतो. हे एका माणसाचे उत्तर आहे आणि शेजारची साधी नळी म्हणून फक्त मी होते. दुसऱ्या कोणाच्या यकृताच्या तुकड्यात वेगळे चित्र दिसले असते, तर औषध उलटे द्यावे लागले असते आणि ते बरोबरच ठरले असते. शिवाय त्यानंतर औषधे बदलली आहेत, चाचण्या सुधारल्या आहेत. म्हणून वाचकांना माझी साधी विनंती आहे: यातले काहीही केवळ मी लिहिले म्हणून मानू नका; आपल्या डॉक्टरांना विचारा, अहवाल स्वतः वाचा आणि तपासून पाहा.